दाराबाहेरचे वाचक

गो. पु. देशपांडे हे नाव घेतले की मराठी वाचकाला प्रथम 'उद्ध्वस्त धर्मशाळा' आठवते. श्रीधर विश्वनाथ कुलकर्णी नावाचा एक प्राध्यापक, त्याच्या राजकीय मतांची विद्यापीठाने मांडलेली चौकशी, आणि डॉ. लागूंचा आवाज. पण गोपुंची पोटापाण्याची विद्या नाटक ही नव्हती, चीन ही होती. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात त्यांनी वर्षानुवर्षे चीनचे राजकारण शिकवले आणि सांस्कृतिक क्रांतीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. नाटककाराने रिकाम्या वेळात चीन वाचावा असा हा प्रकार नव्हता; उलट चीनच्या अभ्यासकाने नाटके लिहिली होती. आपल्याकडे ही बाजू जवळजवळ अंधारातच राहिली, कारण 'चीनचा अभ्यास करतात' म्हणजे नेमके काय करतात हेच आपल्याला ठाऊक नसते.

मी स्वतः कोणत्याही विद्यापीठात चिनी शिकलेलो नाही. चाळिशी उलटल्यावर शब्दकोश पुढ्यात घेऊन अक्षरे गिरवायला बसलो. आज वर्तमानपत्राचा मथळा लागतो, अग्रलेखाला संध्याकाळ जाते. चीनविषयी वाचतो असे कोणाला सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "जाऊन आलात का?" नाही, गेलेलो नाही. पूर्वी हे सांगताना ओशाळल्यासारखे व्हायचे. आता होत नाही. गेल्या पाऊणशे वर्षांत चीनविषयी जगाला जे खात्रीलायक कळले, त्यातले पुष्कळसे त्या काळी आत पाऊलही टाकू न शकलेल्या माणसांनी शोधलेले आहे. आणि जाऊन आलेल्यांपैकी भलेभले साफ चुकलेले आहेत. या चुकण्याची एक शाखा थेट नागपुरापर्यंत येते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

१९५६ मध्ये भारत सरकारने शेतीच्या पाहणीसाठी दोन शिष्टमंडळे चीनला पाठवली. त्यातल्या एकाचे काम तिथल्या सहकारी शेतीचा अभ्यास करणे हे होते आणि त्याचे प्रमुख होते नागपूरचे रा. कृ. पाटील, आय.सी.एस. सोडून सार्वजनिक कार्यात आलेला, नियोजनाची जाण असलेला, सचोटीचा माणूस. मंडळ गावोगाव हिंडले, सहकारी संस्था पाहिल्या, हिशेब विचारले. १९५७ मध्ये अहवाल आला. बहुमताचा सूर असा की सहकारी शेतीने चीनमध्ये उत्पादन वाढले आहे, लोकांनी ती मनाने स्वीकारली आहे, आणि भारतानेही त्या वाटेने जावे. दोन सदस्यांनी मात्र वेगळी टिपणी जोडली. ज्या वेगाने कोट्यवधी शेतकरी एका-दोन वर्षांत सामूहिक शेतीत गेले, तो वेग स्वेच्छेचा असूच शकत नाही, असा त्यांच्या शंकेचा रोख होता.

जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन नागपूरलाच भरले आणि संयुक्त सहकारी शेतीचा तो प्रसिद्ध ठराव मंजूर झाला. चरणसिंगांनी त्याला जाहीर विरोध केला, त्यावरून देशभर वादळ उठले, हे सर्वश्रुत आहे. ठरावामागे कारणे अनेक होती. पण चीनने करून दाखवले ही समजूत त्यातले एक वजनदार कारण होते. ज्या वेळी हा ठराव होत होता त्या वेळी चीन सरकारचा दावा होता की १९५८ चे धान्य-उत्पादन ३७.५ कोटी टन झाले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तो आकडा त्यांनीच २५ कोटींवर आणला. खरे उत्पादन २० कोटी टनांच्या आसपास होते, हे पुढे त्यांच्याच आकडेवारीतून निघाले. फुगवलेल्या आकड्यांवर सरकारी वसुली झाली, कोठारे भरली, आणि गावे रिकाम्या हाताने हिवाळ्याला सामोरी गेली. नागपुरात टाळ्या पडत होत्या तेव्हा त्या दुष्काळाचा पहिला हिवाळा सुरू होता.

पाटील खोटे बोलले असे कोणीही म्हणू नये. १९५६ चा चीन १९५८ चा नव्हता, आणि त्यांनी जे पाहिले तेच लिहिले. अडचण पाहण्याचीच होती. दाखवलेले गाव, नेमून दिलेला दुभाषा, समोर बसलेला पक्षाचा सचिव, आणि उत्तर देणाऱ्या शेतकऱ्याला पाहुणे गेल्यावर त्याच गावात राहायचे आहे ही साधी गोष्ट. पाटलांनंतर गेलेल्यांचेही तेच झाले. फील्ड मार्शल माँटगोमेरी १९६० आणि १९६१ असे दोनदा जाऊन आले आणि मोठा दुष्काळ वगैरे काही नाही, असे त्यांनी जगाला सांगितले. एडगर स्नो तर चीनचा जुना जाणकार. त्यानेही १९६२ च्या आपल्या पुस्तकात दुष्काळाच्या बातम्या फेटाळल्या.

त्याच वर्षांत हाँगकाँगमध्ये लास्लो लादानी नावाचा एक हंगेरियन जेझुइट पाद्री रोज सकाळी चिनी वर्तमानपत्रांचा गठ्ठा सोडून बसत असे. १९४९ मध्ये त्याला चीन सोडावे लागले होते. १९५३ पासून त्याने 'चायना न्यूज ॲनालिसिस' नावाचे काही पानांचे साप्ताहिक पत्र काढले आणि १९८२ पर्यंत जवळजवळ एकहाती चालवले. साडेबाराशेच्या आसपास अंक. त्याचा दंडक सोपा होता: चीनमध्ये छापलेले किंवा तिथल्या रेडिओवर बोललेले वापरायचे. आतली गुप्त बातमी, वकिलातीतली कुजबुज, जेवणावळीतला किस्सा यांवर इमारत उभारायची नाही. आणि तरीही लादानीच्या पत्रात त्या उपासमारीचे चित्र तेव्हाच उमटले होते.

छापील प्रचारातून सत्य कसे निघते? ही एक वाचनाचीच कला आहे, आणि साहित्याच्या वाचकाला ती परकी वाटू नये. सरकारी लेख सहसा यशाच्या परिच्छेदांनी सुरू होतो. परिस्थिती उत्कृष्ट आहे, जनता उत्साहात आहे, पीक विक्रमी आहे. मग कुठेतरी एक 'तथापि' येतो. लेख त्या तथापिपासून वाचायचा. 'काही थोड्या ठिकाणी काही कार्यकर्ते अजूनही जनतेच्या जेवणाकडे पुरेसे लक्ष देत नाहीत', असे वाक्य एका प्रांताच्या पत्रात दिसले तर ती बातमी नाही. तेच वाक्य त्या महिन्यात सहा प्रांतांच्या पत्रांत दिसले तर ती बातमी आहे. एखादी पाककृती, जंगली कंदमुळांचा उपयोग सांगणारी, अचानक ठिकठिकाणी छापून येऊ लागली तर कोठारात काय उरले आहे ते कळते. यासाठी एक अंक पुरत नाही. काल काय छापले होते ते आज शोधता आले पाहिजे, दहा वर्षांपूर्वीचे तर हवेच हवे. म्हणजे कात्रणे हवीत, ती विषयवार लावलेली हवीत, आणि ती लावणारा माणूस टिकून हवा.

हाँगकाँग ही अशा कात्रणांची राजधानी होती. अमेरिकन वकिलात १९५० पासून चिनी वर्तमानपत्रांचे इंग्रजी भाषांतर जाडजूड चोपड्यांतून काढत असे आणि जगभरची विद्यापीठे ते मागवत. चीनमधून पळून आलेल्या विद्वानांनी युनियन रिसर्च इन्स्टिट्यूट चालवली. तिच्या कात्रणांच्या फायली पुढे हाँगकाँगच्या बाप्टिस्ट कॉलेजात गेल्या. प्रांतिक वर्तमानपत्रे बाहेर पाठवायला चीनने बंदी घातल्यावर मासळी गुंडाळून आलेला कागद वाळवून वाचल्याच्या गोष्टी सांगतात. त्यातल्या काही गोष्टी सांगणाऱ्याने रंगवल्या असतील, पण कागदाला किती किंमत होती ते त्यातून समजते. छायाचित्रात कोण कोणाच्या शेजारी उभा आहे हे भिंग लावून पाहणाऱ्या या 'चीन-निरीक्षकां'ची थट्टाही पुष्कळ झाली. पण १९७१ च्या १ ऑक्टोबरला बीजिंगमधले राष्ट्रीय दिनाचे संचलन झाले नाही आणि लिन ब्याओचे नाव छापून येईनासे झाले, तेव्हा काहीतरी भयंकर घडले आहे हे याच लोकांनी ओळखले. माओचा घोषित वारस विमान-अपघातात मेला होता, आणि ते अधिकृतपणे बाहेर कळायला आणखी बरेच महिने जावे लागले. ही विद्या जुनी झालेली नाही. २०२३ च्या जूनअखेर परराष्ट्रमंत्री छिन गांग दिसेनासे झाले. महिन्याभराने त्यांना पदावरून काढल्याची एका ओळीची घोषणा झाली. मधल्या काळात जगातल्या नामवंत संस्था तेच करत होत्या जे हाँगकाँगमध्ये चाले: कुठल्या यादीत नाव आहे, कुठल्या नाही.

दुष्काळापुरते मात्र खरे सांगायचे तर निरीक्षकांपैकी बहुतेकांना त्याचा आवाका कळला नाही. टंचाई आहे, कुपोषण आहे, इथवर ते आले. मृत्यूंच्या संख्येपाशी येऊन थबकले. लादानीवर कम्युनिस्टविरोधी पाद्री म्हणून शिक्का होता आणि हाँगकाँगहून चीनमधल्या नातलगांना लाखोंनी जाणारी अन्नाची पार्सले हा पुरावा कोणाला पुरेसा विद्वत्तापूर्ण वाटला नाही. १९८२ ची जनगणना झाली आणि तिचे आकडे चीनने स्वतः प्रसिद्ध केले, तेव्हा लोकसंख्याशास्त्रज्ञांनी वयोगटांच्या तक्त्यात पडलेले भगदाड मोजले. १९८४ मध्ये आलेल्या एका अभ्यासाने अकाली मृत्यूंचा अंदाज तीन कोटींचा दिला. त्यानंतर कमी-जास्त अंदाज आले, पण बहुतेक अंदाज कोटींतच राहिले. वीस वर्षे ही गोष्ट जगाच्या नजरेआड राहिली. नागपूरच्या ठरावावर भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना ती माहीत नव्हती.

आता पैशाकडे येऊ, कारण हा विषय काढला की कोणीतरी विचारतोच. अमेरिकेत चीनच्या अभ्यासाची पहिली मोठी वाताहत पैशाअभावी झाली नाही, चौकशीने झाली. इन्स्टिट्यूट ऑफ पॅसिफिक रिलेशन्स ही १९२५ मध्ये होनोलुलूत स्थापन झालेली संस्था, आजच्या 'थिंक टँक'ची थोरली बहीण म्हणावी अशी. तिच्या 'पॅसिफिक अफेअर्स'चे संपादन ओवेन लॅटिमोर करत असे. बालपण चीनमध्ये गेलेला, मंगोल भाषा येणारा, उंटांच्या तांड्याबरोबर मध्य आशिया तुडवलेला असा हा विद्वान. १९४९ मध्ये माओ जिंकला आणि 'चीन कोणी घालवला' हा प्रश्न अमेरिकेत विचारला जाऊ लागला. १९५० मध्ये सिनेटर मॅकार्थीने लॅटिमोरला रशियाचा सर्वांत वरचा हेर ठरवले. मग सिनेटच्या समितीपुढे दिवसच्या दिवस उलटतपासणी, मग खोट्या साक्षीचा खटला. १९५५ मध्ये खटला टिकला नाही, पण तोवर माणूस वाळीत पडला होता. शेवटी तो इंग्लंडला लीड्सला शिकवायला गेला. संस्था १९६० मध्ये विसर्जित झाली. परराष्ट्र खात्यातले चीन जाणणारे अधिकारीही याच वाऱ्यात उडाले. 'उद्ध्वस्त धर्मशाळा' पुन्हा वाचताना मला कुलकर्ण्यांच्या खुर्चीत लॅटिमोर दिसतो. गोपुंच्या मनात तो होता असा माझा दावा नाही. पण चीनच्या अभ्यासकाला ती चौकशी ठाऊक नसेल हे शक्य नाही.

त्या राखेतून जे उभे राहिले ते सावध होते. १९५५ मध्ये हार्वर्डला जॉन फेअरबँक यांनी पूर्व आशियाच्या अभ्यासाचे केंद्र काढले. आज ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. फोर्ड फाउंडेशनने अशा केंद्रांमध्ये पैसा ओतला. लंडनहून १९६० मध्ये 'चायना क्वार्टर्ली' निघाले, त्याचे पहिले संपादक रॉडरिक मॅकफार्कर हे लाहोरला जन्मलेले. या नियतकालिकामागे सुरुवातीला जी संघटना उभी होती तिला अमेरिकी गुप्तहेर खात्याचे पैसे मिळत, हे काही वर्षांनी उघड झाले. शत्रूला ओळखण्यासाठी दिलेला पैसा तो. मग तिथले लेख टाकून द्यायचे का? मी त्यांतले पुष्कळ वाचले आहेत. शीतयुद्धाचा आव आणणारे लेख आज वाचवत नाहीत. एखाद्या प्रांतातल्या धान्यवसुलीवर खपून लिहिलेले आजही उपयोगी पडतात. पैसा कोणाचा हे विचारावेच, पण त्या पैशातून फळीवर काय येऊन पडले हेही विचारावे.

आपल्याकडचा क्रम निराळा. इथे चीन आला तो बुद्धामागून. १९३७ मध्ये शांतिनिकेतनात रवींद्रनाथांनी चीन भवन उघडले, तान युन-शान या चिनी विद्वानाने ते वाढवले. पुण्याचे पु. वि. बापट पाली ग्रंथांची चिनी रूपे मुळातून वाचत. त्यांनी अकिरा हिराकावा यांच्यासह केलेला अशा एका ग्रंथाचा अनुवाद १९७० मध्ये भांडारकर संस्थेने छापला. ही फार उंचीची विद्वत्ता होती. पण तिला सातव्या शतकातला चीन जितका स्पष्ट दिसे तितका कालच्या वर्तमानपत्रातला दिसत नसे, आणि दिसावा अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. १९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरने ती अपेक्षा एकदम, आणि रागाने, उभी केली. १९६४ मध्ये दिल्ली विद्यापीठात फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने चिनी अभ्यासाचे केंद्र निघाले, त्याच वर्षी 'चायना रिपोर्ट' हे नियतकालिक सुरू झाले. तान युन-शान यांचे चिरंजीव तान चुंग दिल्लीत चिनी शिकवू लागले. १९६९ पासून काही अभ्यासक, पत्रकार, निवृत्त मुत्सद्दी एकत्र बसून वाचू लागले, त्या बैठकीतूनच १९९० मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ चायनीज स्टडीज आकाराला आली. तिची बुधवारची चर्चासत्रे दिल्लीत प्रसिद्ध आहेत.

गंमत म्हणजे याच १९६४ मध्ये चीनच्या सिच्वान विद्यापीठात भारताच्या अभ्यासाची शाखा सुरू झाली; आजची तिथली दक्षिण आशिया संस्था तिच्यातूनच वाढली. हिमालयाच्या दोन्ही अंगांना एकाच वर्षी दोन खोल्या उघडल्या, दोन्हींत परक्या लिपीची पुस्तके लावली गेली. दोन वर्षांनी सांस्कृतिक क्रांती आली आणि तिकडे वाचणेच संशयास्पद ठरले.

हाँगकाँगच्या एका घरावर मात्र मला थांबलेच पाहिजे. १९६३ मध्ये कौलूनच्या आर्गाइल रस्त्यावर, १५५ क्रमांकाच्या घरात, युनिव्हर्सिटीज सर्व्हिस सेंटर सुरू झाले. संशोधकाला बसायला टेबल, कात्रणे, आणि दुपारचे एकत्र जेवण. ज्यांनी तिथे काम केले त्यांच्या आठवणींत ते जेवणाचे टेबल हटकून येते, कारण कोणाला कोणत्या गावचा माणूस भेटला हे तिथे कळे. चीन सोडून आलेल्यांच्या मुलाखती हे तिथल्या संशोधनाचे मुख्य साधन. एझ्रा व्होगेल यांचे कँटनवरचे १९६९ चे पुस्तक असेच तयार झाले. अनिता चान, रिचर्ड मॅडसेन आणि जोनाथन अंगर या तिघांनी क्वांगतुंगमधल्या एकाच गावातून हाँगकाँगला आलेली २६ माणसे शोधली आणि त्यांच्याशी वारंवार बोलून अख्ख्या गावाची वीस वर्षे उभी केली: कोणी कोणावर आरोप केले, कोणाची जमीन कोणाला गेली, शहरातून आलेल्या पोरांना गावकऱ्यांनी कसे सोसले. 'चेन व्हिलेज' हे त्यांचे पुस्तक १९८४ मध्ये आले. दारे उघडल्यावर ते त्या गावात जाऊ शकले, आणि न पाहता रेखाटलेले गाव बरेचसे तसेच निघाले. पाटील गावात जाऊन जे पाहू शकले नाहीत ते या तिघांनी गावाबाहेर बसून पाहिले. फरक नजरेचा नव्हता. हाँगकाँगमध्ये बोलणाऱ्याला संध्याकाळी सचिवासमोर जायचे नव्हते.

१९८८ मध्ये हे केंद्र हाँगकाँगच्या चायनीज युनिव्हर्सिटीत हलले. आता चीन उघडला होता. मुलाखतींसाठी निर्वासित शोधण्याची गरज उरली नव्हती. केंद्र तिथेच संपले असते. जीन हंग नावाच्या बाईंनी ते संपू दिले नाही. कुनमिंगमध्ये वाढलेल्या या बाई पुढची जवळजवळ वीस वर्षे संग्रह वाढवत राहिल्या: प्रांतांची वार्षिके, आकडेवारीची पुस्तके, आणि मुख्यतः स्थानिक बखरी. १९८० नंतर चीनमधल्या जवळपास प्रत्येक तालुक्याने आपल्या गॅझेटियरसारखा ग्रंथ काढला होता. पाऊस, पिके, पूल, शाळा, आणि 'महत्त्वाच्या घटना' असे एक कालक्रमाचे प्रकरण. ते लिहिणारे स्थानिक मास्तर आणि कारकून. वरून आलेल्या सूचना पाळूनही त्यांनी गावात काय घडले ते एका-एका ओळीत नोंदवून ठेवले. एक बखर वाचून काही कळत नाही. अँड्रयू वॉल्डर आणि सू यांग यांनी १५२० तालुक्यांच्या बखरी लावून वाचल्या, तेव्हा सांस्कृतिक क्रांतीत खेडोपाडी साडेसात ते पंधरा लाख माणसे मारली गेली असावीत, असा अंदाज २००३ मध्ये त्यांना मांडता आला. तोवर ती क्रांती म्हणजे शहरातल्या विद्यार्थ्यांचा धिंगाणा अशीच जगाची समजूत होती. जीन हंग यांनी याच्या जोडीला सामान्य माणसांची आत्मकथने जमवली, घरापुरती लिहिलेली, कोणी छापणार नाही अशी. त्यांच्या केंद्रात चीनमधले अभ्यासकही येत आणि आपल्याच देशाचा इतिहास परक्या वसाहतीत राहिलेल्या शहरात बसून वाचत.

डिसेंबर २०२० मध्ये विद्यापीठाने केंद्राची पुनर्रचना जाहीर केली आणि २०२१ मध्ये केंद्र म्हणून ते उरले नाही. पुस्तके विद्यापीठाच्या ग्रंथालयात विलीन झाली. प्रशासकीय सोय, असे कारण देण्यात आले. पुस्तके आहेत, हे खरे. ती कोणत्या क्रमाने का लावली होती हे सांगणारी माणसे तिथे नाहीत.

त्यानंतर दारे भराभर लागत गेली. मार्च २०२१ मध्ये चीनने बर्लिनच्या मेरिक्स या युरोपातल्या मोठ्या चीन-संस्थेवर निर्बंध घातले. तिच्या लोकांना प्रवेश बंद. त्याआधी डिसेंबर २०१८ मध्ये इंटरनॅशनल क्रायसिस ग्रुपसाठी लिहिणारे कॅनडाचे मायकल कोव्हरिग पकडले गेले, ते सप्टेंबर २०२१ मध्ये सुटले. १ एप्रिल २०२३ पासून सीएनकेआय या प्रचंड चिनी शोधनिबंध-संग्रहाचे काही भाग, प्रबंध आणि आकडेवारीची वार्षिके धरून, परदेशी ग्राहकांना बंद झाले. त्याच वर्षी तरुणांमधली बेकारी जूनमध्ये २१.३ टक्क्यांवर गेल्यावर तो आकडा छापणेच काही महिने थांबवले गेले. शिनच्यांगमधल्या बंदिस्त छावण्या २०१८ मध्ये जगाला कळल्या त्या उपग्रहाच्या छायाचित्रांमधून, आणि निविदांमधून. हो, साध्या सरकारी निविदा: इतक्या चौरस मीटरच्या 'प्रशिक्षण केंद्रा'साठी कुंपणभिंत, टेहळणी मनोरे, कॅमेरे. आपल्याकडे बांधकाम खात्याची निविदा वाचून ठेकेदार जे ओळखतो तेच अभ्यासकांनी ओळखले. ऑगस्टमध्ये चीनने इन्कार केला, ऑक्टोबरमध्ये ती व्यवसाय-शिक्षण केंद्रे असल्याचे सांगितले. निविदा मग संकेतस्थळांवरून दिसेनाशा होऊ लागल्या. ज्यांनी उतरवून ठेवल्या त्यांच्याकडे त्या आहेत.

गलवाननंतर आपल्याकडेही चीनवरच्या संस्था वाढल्या, आणि दूरचित्रवाणीवरचे तज्ज्ञ त्याहून वाढले. दोन्हींची गल्लत करू नये. मुंबईच्या गेटवे हाउसने फेब्रुवारी २०२० मध्ये, म्हणजे गलवानच्या आधी, चिनी गुंतवणुकीचा हिशेब मांडला होता: त्या वेळच्या ३० भारतीय 'युनिकॉर्न' कंपन्यांपैकी १८ मध्ये चिनी पैसा होता. कंपन्यांच्या नोंदी एक-एक करून पाहिल्याशिवाय असे विधान करता येत नाही. बंगळूरच्या तक्षशिला संस्थेतले मनोज केवलरमानी 'पीपल्स डेली' पानापानाने वाचून त्याचा गोषवारा इंग्रजीत देतात; लादानीचेच काम, कात्री आणि डिंक वगळून. अशी माणसे बोटांवर मोजण्याइतकी आहेत. बाकी पुष्कळ लिखाण चीनवरचे इंग्रजी वाचून लिहिलेले असते, म्हणजे वॉशिंग्टनला चीन कसा दिसतो ते आपण दिल्लीत पुन्हा सांगतो. २०२० पासून पाच वर्षांहून अधिक काळ दोन देशांत थेट विमानसेवा नव्हती, आणि २०२३ मध्ये दोघांनी एकमेकांच्या पत्रकारांचे व्हिसा अडवले, तेव्हा बीजिंगमध्ये एक तरी भारतीय पत्रकार उरतो की नाही अशी वेळ आली होती. लादानीच्या खुर्चीत बसायची पाळी आपल्यावर आली आहे. त्याला चिनी येत होते.

एक घरगुती गोष्ट सांगून थांबतो. काही वर्षांपूर्वी एका ग्रंथालयाने जागेअभावी जुनी नियतकालिके रद्दीत काढली. मला कळले तेव्हा बरेचसे गेले होते. रद्दीवाल्याकडून मी 'चायना रिपोर्ट'चे एकोणीस अंक वजनावर घेतले. त्याने विचारले, "काका, कशाचं पुस्तक आहे?" चीनचे, म्हटल्यावर त्याने भाव वाढवला नाही. एका अंकात पेन्सिलीने खुणा आहेत, सुवाच्य मराठीत समासात 'आकडा तपासणे' असे लिहिले आहे. कोणी लिहिले ते कळायला मार्ग नाही. माझ्याकडे १९६४ ते १९७० मधले फक्त चार अंक आहेत. वाचकांपैकी कोणाच्या घरी, वडिलांच्या किंवा आजोबांच्या कपाटात, त्या वर्षांचे सुटे अंक असतील तर ते टाकण्यापूर्वी संपादकांमार्फत मला कळवावे. टपालखर्च मी देईन.